बैठकीत अन् घरात ‘हजर’ कसं राहावं? (शेतकरी कंपनी, संचालक मंडळ)

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातली शेतकरी उत्पादक कंपनी आहे. दहा संचालक, त्यात तीन महिला. सोयाबीन, तूर, हरभऱ्याची खरेदी अन् थोडं बियाणं. कागदावर सगळा कारभार सामूहिक. प्रत्यक्षात अध्यक्ष बोलतो, सीईओ मान हलवतो, बाकीचे चहाची वाट बघतात. अध्यक्ष या नात्यानं तीन गोष्टी विचारायच्यात.

एक, कुणी विरोध केला की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तोंडात तयार असतं. निम्मं ऐकूच येत नाही. दोन, महिला संचालक बोलत नाहीत, विचारलं तर “तुम्ही म्हणाल तसं”. तीन, घरी जेवायला बसलं तरी डोक्यात बारदाना (रिकामी पोती) अन् गाडीभाडंच.

“योगा करा”, “पॉझिटिव्ह राहा” एवढंच सांगणार असाल तर नको. कधी, किती मिनिटं, नेमकं काय करायचं, अन् कुठं चुकतं ते सांगा.

श्वासघडी
दादा, मी पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. बाकी दोन्हींसाठी इथं जास्त जाणकार आहेत.

शांत राहणं हा स्वभाव असतो असं धरलं की विषय तिथंच संपतो. काम त्याहून लहान आहे. राग चढताना अंगात आधी काय होतं ते ओळखायचं, अन् तोंड उघडायच्या आत थोडी जागा करायची. समोरचा आडवा बोलला की श्वास उथळ होतो, जबडा आवळतो, कानशिलं तापतात, अन् त्याच्या बोलण्यातलं आपल्याला टोचणारं तेवढंच कानात शिरतं. पहिली खूण प्रत्येकाची वेगळी असते. कुणाचा पाय हलायला लागतो, कुणी पेन वाजवतो. आपली कोणती ते घरच्यांना विचारा, त्यांना पाठ असते.

बैठकीआधी दोन मिनिटं लागतात. खुर्चीत टेकून बसा, दोन्ही तळपाय जमिनीला. चार मोजत नाकानं श्वास आत, सहा मोजत बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा झाला. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं असतात. एका पेरावर एक श्वास, बारा पेरं झाली की दोन मिनिटं झाली. घड्याळ लागत नाही, मोबाईल तर अजिबात नको. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. यात गूढ काही नाही.

चुकतं कुठं? माणूस जोर लावतो. छाती भरून मोठे मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, अन् “मला हे सोसत नाही” म्हणून सोडून देतो. श्वास लहानच ठेवायचा, फक्त हळू. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा. श्वास रोखून धरायचा नाही. रक्तदाब, दमा किंवा गरोदरपण असेल तर रोखणं बिलकुल नाही.

बैठक चालू असताना दोन मिनिटं कुणी देत नाही. तिथं आधी ठरवलेलं एकच जर-तर वाक्य चालतं: “जबडा आवळला, तर आधी तळपाय, मग एक श्वास सोडायचा, मग उत्तर नाही, प्रश्न.” प्रश्नही आधीच ठरवून ठेवा. “यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकतंय?” हा बहुतेक ठिकाणी चालतो. “का?” नं सुरुवात करू नका, तो जाब वाटतो. “पण तुम्हाला असं वाटत नाही का की…” हा तर प्रश्नच नव्हे, प्रश्नाचं सोंग घेतलेलं उत्तर आहे.

आणि हे भांडणाच्या वेळी शिकता येत नाही. सराव कोरड्या वेळेत. गाडीची किल्ली फिरवायच्या आधी एक श्वास, बोअरचं स्टार्टर दाबायच्या आधी एक, व्हॉट्सअॅप उघडायच्या आधी एक. रोज होणाऱ्या कामाला बांधलं की आठवण ठेवावी लागत नाही. सुरुवात खरेदीची गर्दी नसते अशा मोकळ्या महिन्यांत करा. ऑक्टोबरात काढणी अन् खरेदीची गर्दी एकदम येते. तेव्हा नवीन सवय लावायला गेलं तर आठ दिवसांत सुटते.

इतिवृत्त
वरचं मान्य. पण मी क्रम उलटा लावीन. आधी बैठक दुरुस्त करा. वाईट बांधलेल्या बैठकीत साधुसंतही चिडेल.

पहिल्यांदा कायदा, कारण त्यातच अर्धं औषध आहे. उत्पादक कंपनीला कंपनी कायदा २०१३ चं प्रकरण २१-क लागू होतं. संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत किमान एक अन् वर्षात किमान चार. नोटीस लेखी, किमान सात दिवस आधी, ती काढायची जबाबदारी सीईओची. कमी मुदतीत बैठक घेतली तर कारण नोंदवावं लागतं. गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी नाही. तुमच्या दहांत चार. पुष्कळ कंपन्यांत प्रत्यक्षात काय होतं? आदल्या रात्री ग्रुपवर “उद्या ११ ला मीटिंग” एवढा मेसेज. विषय माहीत नाही, कागद बघितलेला नाही. अशा संचालकापुढं दोनच वाटा उरतात, मान हलवणं नाहीतर भडकणं. आधी दोन दिवस विचार करायला मिळालेला माणूस तेच बोलणं निम्म्या आवाजात बोलतो.

विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढं तीनपैकी एक शब्द लिहा: माहिती, चर्चा, निर्णय. आणि मिनिटं. माहितीचा विषय पाच मिनिटांवर जाऊ देऊ नका, तो कागदावर देऊन टाका. निर्णयाचे विषय एका बैठकीत तीनच. तेही सुरुवातीला ठेवा, कारण दीड तासानंतर लोक “होऊ द्या” म्हणायला लागतात अन् तेव्हाच सगळ्यात मोठ्या रकमेचा विषय निघतो. बऱ्याच वेळा तो मुद्दामच शेवटी ठेवलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

निर्णयाच्या विषयाला फेरी घ्या. प्रत्येकाला दीड मिनिट, मधे कुणी बोलायचं नाही, अध्यक्ष सगळ्यात शेवटी. दहा जणांची फेरी पंधरा मिनिटांत होते. अध्यक्ष आधी बोलला की फेरी मेली. पुढचे नऊ जण त्याच्या मताभोवतीच फिरतात. फेरीत दोन रोग हमखास लागतात. एक म्हणजे “माझं बी तेच”. त्यावर उपाय असा की फेरीआधी दोन मिनिटं सगळ्यांनी चिठ्ठीवर एक ओळ लिहायची अन् फेरीत तीच वाचायची. लिहिलेलं बदलायला माणसाला लाज वाटते, तिचा इथं उपयोग होतो. दुसरा रोग भाषणाचा. वेळ सांगणारा अध्यक्ष नको, दुसरा कुणीतरी हवा, दर बैठकीला वेगळा. त्यानं दीड मिनिटाला हात वर करायचा, बोलायचं नाही. घंटी-बिंटी आणू नका, अपमान वाटतो.

मग हात वर करून मतदान घेण्याआधी बोटं मागा. पाच म्हणजे पूर्ण पाठिंबा, तीन म्हणजे चालेल, एक-दोन म्हणजे अडचण आहे. एक-दोन बोटंवाल्यांनाच फक्त बोलू द्यायचं, तेही “काय बदललं तर तीनावर याल?” एवढ्याच प्रश्नावर. एकमताचा हट्ट धरू नका. एकमताच्या नावाखाली दमलेल्या माणसाला होकार द्यायला लावतात. हा फक्त अंदाज घेण्याचा मार्ग आहे, ठराव मात्र कायद्याप्रमाणे बहुमतानंच करा अन् विरोधी मत असेल तर नावानिशी नोंदवा.

प्रत्येक ठरावाखाली तीन शब्द: कोण, काय, कधीपर्यंत. बैठक उठायच्या आत मोठ्यानं वाचून दाखवा. चार दिवसांनी टाईप होऊन आलेल्या इतिवृत्तावरच निम्मी भांडणं होतात.

राहिली नेतृत्व वाटून घेण्याची गोष्ट. आपल्याकडं सप्ताहात वीणा कशी चालते ते आठवा. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याची पाळी लावलेली असते, पुढचा येऊन उभा राहतो, वीणा गळ्यात घेतो, मगच आधीचा जातो. आला नाही तर आधीचाच उभा राहतो. कंपनीत आपण काय करतो? “तू बघ रे तेवढं” असा मेसेज टाकून मोकळे. घेणाऱ्यानं घेतलं की नाही माहीत नाही. जबाबदारी देताना समोरासमोर, फाईल हातात, अन् घेणाऱ्याच्या तोंडून “माझ्याकडं आलं, या तारखेपर्यंत” हे वाक्य. बारदान्याचा विषय एकानं चालवायचा, बियाण्याचा दुसऱ्यानं, दर बैठकीला बदलून. अध्यक्षाची कायदेशीर जबाबदारी त्यानं कमी होत नाही, पण चर्चा चालवायचं काम वाटता येतं. दुसऱ्यानं चर्चा चालवली तरच अध्यक्षाला ऐकायला मिळतं.

प्रभागसंघातली ताई
दुसरा प्रश्न माझा.

भाऊ, “महिला बोलत नाहीत” हे वाक्यच जरा तपासा. याच बायका बचत गटात दर आठवड्याला बोलतात, कर्ज कुणाला द्यायचं यावर तासभर वाद घालतात, परतफेड थकली तर घरी जाऊन बसतात. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे, ही पंचसूत्री त्या वर्षानुवर्षं चालवत आल्यात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत घरदुरुस्तीच्या कामात गावातल्याच बाया संवाद सहाय्यक, म्हणजे गावकरी अन् सरकारी यंत्रणेतला दुवा, म्हणून उभ्या राहिल्या. बोलता येत नाही असा काही भाग नाही. तुमच्या खोलीत त्यांना बोलायची सोय नाही.

सोय म्हणजे काय ते सांगते. बैठकीची वेळ. खुरपणीच्या अन् काढणीच्या दिवसांत सकाळी ११ ला बैठक ठेवली तर रोजंदारी बुडते किंवा ती घाईत येते. तिला विचारून वेळ ठरवा. संपायची वेळही लिहा, कारण ती संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर अवलंबून असते अन् पाऊण तास आधीपासून तिचं लक्ष दारात असतं. बसणं. वर टेबल, खाली रांगेत खुर्च्या, अन् महिला शेवटच्या रांगेत, असं असेल तर फेरी घेऊन काही होणार नाही. सतरंजीवर गोल बसा. टेबल लागतंच असेल तर अध्यक्षानं टोकाला बसू नये, लांब बाजूला मधे बसावं. दोन महिला शेजारी-शेजारी बसू द्या. एकटी असली की गप्प, सोबत असली की बोलते.

सगळ्यात मोठी अडचण नवरोबांची. संचालक ती, पण दाराशी बसलेला तो, अन् उत्तरही तोच देतो. संचालक मंडळाच्या बैठकीत संचालकाच्या जागी दुसरं कुणी बसू शकत नाही, मुखत्यार चालत नाही. हे अध्यक्षानंच गोडीत पण स्पष्ट सांगायचं: “दाजी, तुमचा चहा बाहेर ठेवलाय.” ते तिच्यावर सोपवू नका, घरी तिलाच ऐकावं लागतं.

आता वरच्या भावाचा श्वास. छान आहे. पण बाईला जन्मभर “शांत बस” हेच ऐकवलेलं असतं. तिला अजून शांत व्हायचं शिकवून काय मिळणार? तिचा सराव वेगळा. बैठक सुरू झाल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत तिचा आवाज खोलीत उमटला पाहिजे, मग पुढं बोलणं सोपं जातं. म्हणून मागचं इतिवृत्त महिला संचालकानं वाचायचं, पाळीपाळीनं. वाचायला अडखळत असेल तर मागच्या ठरावांपैकी काय झालं, काय राहिलं ते तोंडी सांगायचं. अन् तिनं आदल्या दिवशी एकच वाक्य ठरवून यायचं. मत मांडायलाच हवं असं नाही, प्रश्नही चालतो: “हा खर्च मागच्या वेळी किती होता?” हिशेबाचा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ शकत नाही.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. तिनं बोलल्यावर मनात पाच मोजा अन् मगच पुढं जा. बहुतेक वेळा तिचं खरं म्हणणं दुसऱ्या वाक्यात असतं अन् ते यायच्या आत कुणीतरी विषय उचलतो. दुसरं, तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत परत म्हणा अन् विचारा, “असंच म्हणायचंय ना?” सुधारून, भारी करून म्हणू नका. “ताईंना असं म्हणायचंय की…” म्हणून चार मोठे शब्द घातले की ते म्हणणं तुमचं झालं. आणि दहा मिनिटांनी एखाद्या पुरुष संचालकानं तीच सूचना केली तर “हे आधी ताईंनी मांडलं” असं म्हणायचं अन् इतिवृत्तात तिच्याच नावानं लिहायचं. एवढं तीन बैठका करा.

“तुम्ही म्हणाल तसं” याला होकार समजू नका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा “मला कागद दाखवला नाही” असा असतो.

काट्यावरून
बैठकीचं झालं. खरी परीक्षा खरेदी केंद्रावर होते. तिथं ना सतरंजी ना फेरी. ट्रॅक्टर उभे, हमाल खोळंबलेले, अन् सभासद म्हणतो, “आपलीच कंपनी असून आपलाच माल माघारी?” तिथं अंतर्मन वगैरे सांगू नका, आकडा हातात ठेवा. निम्मा राग अंधारात राहिल्यामुळं असतो.

उदाहरण ओलाव्याचं. हमीभावानं सोयाबीन घेताना ओलावा १२ टक्क्यांपर्यंत लागतो. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं तो १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केला होता, म्हणून सभासदाचं “तवा चाललं की” हे म्हणणं खोटं नसतं. ते आधी मान्य करा. “तेव्हा चाललं होतं, बरोबर. यंदाचं पत्र हे.” पत्राची प्रत काट्याशेजारी लावलेली असावी, मोबाईलमधली दाखवून भागत नाही.

मग हिशेब. १४ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल वाळवून १२ वर आणला तर कोरडा भाग ८६ किलो तोच राहतो, वजन भरतं ८६ भागिले ०.८८, म्हणजे ९७.७३ किलो. घट सव्वादोन किलो. १५ टक्क्यांवरून आणला तर घट ३.४ किलो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये धरला तर सव्वादोन किलोचे साधारण १२० रुपये होतात. त्यात ताडपत्री अन् परत आणायचं भाडं मिळवा. दुसऱ्या बाजूला आज बाजारात हमीभावापेक्षा किती कमी भाव आहे तो आकडा ठेवा. सभासद स्वतः ठरवतो. केंद्रावर हा तक्ता मोठ्या अक्षरात लावला की माणसाच्या तोंडाकडं बघून कुणी भांडत नाही, तक्त्याकडं बघून भांडतं.

नमुना त्याच्या समोर घ्या, पोत्यांच्या वरून, मधून, तळातून, मिसळून. ओलावा मोजायच्या मीटरचा आकडा त्यालाच वाचायला लावा. शंका असेल तर पुन्हा लावा, न मागता. दोनदा लावला तर दोन मिनिटं जातात. न लावता वाद घातला तर रांग अर्धा तास थांबते. अन् उभं राहताना त्याच्या शेजारी, मीटरकडं तोंड करून उभं राहा. समोरासमोर काट्याच्या पलीकडं उभं राहिलं की तो गिऱ्हाईक अन् तुम्ही व्यापारी.

आवाज चढलाच तर एकच वाक्य: “तुमचा माल चांगला आहे, ओलावा जास्त आहे.” माल अन् माणूस दोन्हीला धक्का लागत नाही. “नियम म्हणजे नियम” हे वाक्य कंपनीत बंदच करा.

मांजराकाठ
लई उपयोगाचं सांगितलंत सगळ्यांनी. तक्त्याचं तर उद्याच करतो. श्वासघडी, घरचं राहिलं. अन् एक जण म्हणाले विपश्यनेला जाऊन या, सगळं सुटतं. जावं का?

श्वासघडी
घरचं सोपं आहे, पण लोक उलट्या टोकाला धरतात. घरी आल्यावर विचार थांबवायला जातात. विचार थांबत नसतो. डोकं तेच तेच वाजवत राहतं कारण त्याला भीती असते की राहून जाईल. म्हणून कंपनीतून निघायच्या आधी, ऑफिसातच, सात-आठ मिनिटं कागदावर: राहिलेलं काम, त्याचं पुढचं पहिलं पाऊल, अन् ते कधी. “बारदाना” असं लिहून उपयोग नाही; “सकाळी १० ला बारदानेवाल्याला फोन, ४०० नग” असं लिहा. पुढचं पाऊल अन् वेळ लिहिली की डोकं सोडतं. फोनमध्ये लिहू नका, लिहायला म्हणून उघडतो अन् चार मेसेज बघून बंद करतो.

घरी जेवणाची वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत, आवाज चालू ठेवून. सायलेंट करून शेजारी ठेवला तर नजर तिकडंच. खरेदी चालू असताना कुणाचा तरी तातडीचा फोन येणारच, म्हणून आधी सांगून ठेवायचं: आठ ते साडेआठ फोन सीईओ घेतील. इथं परत वरच्या वीणेचाच नियम, घेणारा उभा आहे का ते बघूनच सोडायचं.

लेकरू काही सांगायला आलं अन् खरंच वेळ नसेल तर “हं, हं” करू नका. “आत्ता माझं लक्ष नाही, जेवण झालं की सांग” म्हणा अन् जेवण झाल्यावर स्वतः विचारा. अर्ध्या कानानं ऐकण्यापेक्षा ते बरं.

विपश्यनेबद्दल. दहा दिवसांचं शिबिर असतं, जाण्यायेण्याचे धरून बारा दिवस मोकळे लागतात. छत्रपती संभाजीनगरला केंद्र आहे. फी नाही, शेवटी इच्छेनं दान. फोन जमा करावा लागतो, पहाटे चारला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, नवव्या दिवसापर्यंत मौन. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. पद्धत नीट आहे. पण ऑक्टोबर ते जानेवारी जाऊ नका, अर्धं मन खरेदी केंद्रावर राहील. अन् परत आल्यावर सकाळ-संध्याकाळ बसायचं सुटलं तर बैठकीतल्या तुमच्या वागण्यात फार काही उरत नाही. “सगळं सुटतं” म्हणणाऱ्यांचं कौतुक करा अन् पुढं चला. नैराश्य, झटके येणं, अलीकडचा मोठा धक्का, मानसिक आजाराची औषधं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा अन् अर्जात खरं लिहा. इतके तास गप्प बसणं प्रत्येकाला मानवत नाही.

रोजच्यासाठी सकाळी दहा मिनिटं बसा, तेवढं पुरे. लक्ष उडणारच. उडालं हे कळलं की परत श्वासावर, हाच व्यायाम. “माझं लक्ष लागत नाही म्हणून जमत नाही” असं म्हणून लोक सोडतात. लक्ष उडून परत आणायची संधीच मिळाली नाही तर सराव कशाचा?

उंबरठा
एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती लिहितो. ऐकणारा अध्यक्ष अशी ख्याती झाली की लोक बैठकीबाहेरचंही सांगायला लागतात. आपल्या भागात कर्ज, नापिकी अन् पोरीचं लग्न एका वर्षात आलं की माणूस कोणत्या टोकाला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा सभासद “आता काही राम राहिला नाही” असं म्हणाला तर ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नका.

त्याला बाजूला घ्या, उभ्या उभ्या नको, बसून. थेट विचारा: “जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर उपदेश करू नका, लेकराबाळांची शपथ घालू नका. एकटं सोडू नका. घरातल्या एका माणसाला बोलावून घ्या अन् घरातलं, गोठ्यातलं फवारणीचं औषध तिथून हलवायला सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्याच फोनवरून लावून द्या. मग जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. कर्जाचं काय करायचं ते दुसऱ्या दिवशी, बँकेचे कागद घेऊन.

तुमचं काम तिथपर्यंतच. तुम्ही समुपदेशक नाही. रोज रात्री त्याचे फोन स्वतः घेत बसलात तर महिन्याभरात तुमचीच झोप जाईल. दोन-तीन संचालकांत वाटून घ्या, त्याला सांगून. अन् ही गोष्ट इतिवृत्तात किंवा ग्रुपवर कधीच नाही.

इतिवृत्त
फरक पडतोय की नाही ते मनाला विचारू नका, मन खोटं बोलतं. मोजा. दर बैठकीला एका संचालकाकडं एक कागद द्या, दहा नावं लिहिलेला. कुणी बोललं की त्याच्या नावापुढं रेघ, कुणी मधे तोडलं तर तोडणाऱ्याच्या नावापुढं फुली. अध्यक्ष किती बोलला ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर, तो बोलतो तेव्हा चालू, थांबला की बंद. माझ्या मते दोन तासांच्या बैठकीत अध्यक्षाचं बोलणं २० ते २५ मिनिटांच्या वर जाऊ नये. चौथा आकडा: मागच्या ठरावांपैकी किती तारखेच्या आत झाले.

कागद बैठक संपल्यावर अध्यक्षालाच द्यायचा, मोठ्यानं वाचायचा नाही. पहिल्यांदाच जाहीर वाचलात तर फुल्यावाले पुढच्या वेळी कागद ठेवूच देणार नाहीत. चार बैठकांनंतर सगळ्यांची संमती असेल तर भिंतीवर लावा.

आणि ताईंच्या मुद्द्यात एक भर. नवरोबा दाराबाहेर बसले तरी ग्रुपवर असतात. संचालकांच्या ग्रुपमध्ये नंबर कुणाचा आहे ते एकदा तपासा. तिचा फोन तोच वापरत असेल तर नोटीस अन् विषयपत्रिका छापून तिच्या हातात द्या, सही घ्या. लेखी नोटीस प्रत्येक संचालकाला पोचली पाहिजे, अन् ती संचालक आहे.